डॉक्टरांचा दुसरा हात: छोट्या दवाखान्यातला असिस्टंट काय करतो, काय करत नाही आणि त्यात आपला धंदा कुठे आहे



मागच्या व्हिडिओत आपण छोट्या दवाखान्याकडे एक धंदा म्हणून पाहिलं होतं. त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते डॉक्टरांबद्दल नाही, त्यांच्या असिस्टंटबद्दल. "सर, बारावी सायन्स झालंय, दवाखान्यात कामाला लागलोय, पुढे काय?" "फिजिशियन असिस्टंटचा कोर्स केला तर स्वतःचं काही काढता येईल का?" आणि एक प्रश्न असा होता की त्याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला: "सात वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली आहे, सगळं येतं. गावात छोटा दवाखाना टाकला तर चालेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही चालणार. पण त्या सात वर्षांची किंमत शून्य आहे असंही नाही. ती किंमत कुठे आहे आणि कुठे नाही, तेवढंच आज बघायचंय.

आधी दवाखान्याचा हिशोब

उदाहरणाला आपलं वेळापूर घेऊ. माळशिरस तालुक्यातलं, पालखी मार्गावरचं मोठं गाव. अर्धनारीनटेश्वराच्या जुन्या देवळामुळे बाहेरच्यांना माहीत असलेलं. आषाढात माउलींच्या पालखीचा इथे मुक्काम असतो. आजूबाजूला ऊस. मोठं दुखणं निघालं की माणूस अकलूजला जातो, त्याहून मोठं असेल तर सोलापूर नाहीतर पुणे. पण ताप, खोकला, बीपी, शुगर, अंगदुखी, जखमेचं ड्रेसिंग हे सगळं गावातच बघितलं जातं. एक गाळा किंवा दोन खोल्या, बाहेर बाकडं, आत डॉक्टर आणि दोन्हीच्या मधे एक माणूस. कोणी त्याला कंपाउंडर म्हणतं, कोणी असिस्टंट, बाई असेल तर सिस्टर. शिक्षण काय, हे सहसा कोणी विचारत नाही.

अशा दवाखान्यात विकायला एकच गोष्ट असते: डॉक्टरांचा वेळ. औषधं मेडिकलमध्ये, तपासण्या लॅबमध्ये. डॉक्टर संध्याकाळी चार तास बसतात, म्हणजे २४० मिनिटं. किराणा दुकानदार जास्तीचा माल भरू शकतो, डॉक्टरांना २४१ वं मिनिट भरता येत नाही.

आता समजा, एका पेशंटला सरासरी ८ मिनिटं लागतात. त्यातली ३ मिनिटं जातात नाव-वय लिहिण्यात, वजन, ताप, बीपी घेण्यात, पिशवीतून जुने कागद शोधण्यात आणि शेवटी "ही गोळी सकाळी, ही रात्री" सांगण्यात. एकट्याने केलं तर ३० पेशंट होतात. ती ३ मिनिटं दुसऱ्या हाताने उचलली तर ४८. फी १५० रुपये धरली तर रोजचे २,७०० रुपये जास्त, महिन्याचे २६ दिवस धरले तर ७०,२०० रुपये. असिस्टंटचा पगार १५,००० धरा. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या गावचे आकडे घालून बघा.

कागदावर हा हिशोब फार गोड दिसतो आणि इथेच नवे लोक फसतात. ते जास्तीचे १८ पेशंट आहेत कुठे? बाकड्यावर रांग लागलेली असेल आणि लोक कंटाळून दुसरीकडे जात असतील, तरच ते पैसे गल्ल्यात येतात. रांगच नसेल तर असिस्टंटमुळे उत्पन्न वाढत नाही, फक्त ९० मिनिटं मोकळी होतात. त्या ९० मिनिटांत डॉक्टरांनी पेशंटशी नीट बोलायचं ठरवलं तर पेशंट टिकतात. मोबाईल बघायचा ठरवला तर पगार अंगावर पडतो.

बोलायला वेळ किती कमी आहे, त्याचा एक आकडा सांगतो. २०१७ मध्ये 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात ६७ देशांची माहिती एकत्र करून एक अभ्यास आला होता. डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतात? स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. भारत साधारण दोन मिनिटांवर. म्हणजे आपण वर धरलेली ८ मिनिटंसुद्धा बऱ्याच ठिकाणी चैन आहे.

दाराबाहेरची तीन मिनिटं

या तीन मिनिटांत काय होतं ते जरा सावकाश बघू, कारण असिस्टंटची खरी किंमत इथे आहे.

बीपीच घ्या. उन्हातून मोटारसायकलवर आलेला माणूस, येताना चहा मारलेला, तोंडात तंबाखू. त्याला उभ्या उभ्या पट्टा बांधला तर आकडा वर जाणारच. आणि त्या आकड्यावर डॉक्टर गोळी वाढवणार. नीट पद्धत अशी की माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला आधारावर, आणि पट्टा फुगत असताना गप्पा नाहीत. चहा-तंबाखू अर्ध्या तासात घेतली असेल तर तसं लिहायचं. यात डॉक्टरकीचं काही नाही, शिस्त आहे. आणि ही शिस्त डॉक्टरांना घाईत पाळता येत नाही, असिस्टंटला येते.

शुगर. आकडा लिहिताना शेजारी "उपाशी" की "जेवून" हे लिहिलं नाही तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

मग ती प्लॅस्टिकची पिशवी. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे असते. त्यात तीन डॉक्टरांचे कागद, अर्ध्या स्ट्रिपा, दोन वर्षांपूर्वीचा ईसीजी. पेशंट सांगतो, "एक पांढरी गोळी चालू आहे." चांगला असिस्टंट पिशवी रिकामी करतो, चालू गोळ्या वेगळ्या काढतो आणि स्ट्रिपवरचं औषधाचं नाव केस पेपरवर उतरवतो. कंपनीचं नाव वेगळं पण आतलं औषध एकच, अशा दोन गोळ्या माणूस दोन डॉक्टरांच्या सांगण्यावरून एकाच वेळी खात असतो, हे इथेच सापडतं. कुठली बंद करायची हे त्याने सांगायचं नसतं. दोन्ही नावं डॉक्टरांसमोर ठेवली की त्याचं काम झालं.

आत जाताना पेशंट डॉक्टरांना जे सांगत नाही ते बाहेर सांगतो. "गोळी संपली होती म्हणून महिनाभर घेतलीच नाही." "दाताच्या डॉक्टरांच्या इंजेक्शनने अंगावर पित्त उठलं होतं." "पाळी चुकलीय." ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातल्या माणसाला इन्सुलिन लिहून दिलं, पण कोपीवर फ्रीज कुठला? ही गोष्ट डॉक्टरांच्या खुर्चीतून दिसत नाही, बाकड्यावर कळते. कळली की आत सांगायची. उपाय डॉक्टर सांगतील.

पेशंट बाहेर आल्यावर कागद परत त्याच्यापुढे धरायचा आणि म्हणायचं, "काका, आता तुम्ही मला सांगा, कुठली गोळी कधी?" दहातले बरेच जण इथे अडखळतात. अडखळले की परत समजावायचं. पुढच्या वेळी तोच माणूस "फरक नाही पडला" म्हणत येतो, त्यातल्या कितीतरी वेळा औषध चुकीचं नसतं, घेण्यात घोळ झालेला असतो.

आणि एक काम असं आहे की त्यात सेकंद महत्त्वाचे. छातीत दुखतंय, धाप लागलीय, तोंड एका बाजूला वाकडं झालंय, साप चावलाय, गरोदर बाईला रक्त जातंय, तान्हं बाळ दूध ओढत नाही. यापैकी काहीही दिसलं की नंबर मोडायचा आणि थेट आत. अशा गोष्टींची यादी डॉक्टरांकडून लिहून घेऊन भिंतीवर लावायची. बाकड्यावरचे लोक कुरकुर करतील, करू देत. "ॲसिडिटी असेल, बसा जरा" हे वाक्य असिस्टंटच्या तोंडून कधीच यायला नको. वाक्य चार शब्दांचंच आहे, पण त्यात निदान आहे. निदान त्याचं काम नाही.

हे पद आलं कुठून

कंपाउंडर हा शब्द जुना. डॉक्टरांनी लिहून दिलेलं मिश्रण बाटलीत तयार करून, बाटलीला कागदाची खाचा पाडलेली पट्टी लावून द्यायचा तो कंपाउंडर. घरातल्या आजोबांना विचारा, आठवेल. मग १९४८ चा फार्मसी ॲक्ट आला. चिठ्ठीवरची औषधं बनवणं आणि देणं नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम झालं. डॉक्टर आपल्या स्वतःच्या पेशंटला औषध देऊ शकतात, तेवढी सूट राहिली. बाटल्या गेल्या, गोळ्यांच्या स्ट्रिपा आल्या, पण दवाखान्यातल्या मधल्या माणसाचं नाव तेच राहिलं.

फिजिशियन असिस्टंट हे वेगळं, शिकून घ्यायचं पद. त्याची सुरुवात अमेरिकेतली. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी पहिला वर्ग सुरू केला. विद्यार्थी होते नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेले चार जण. १९६७ मध्ये त्यातले तीन पास झाले. हाताला अनुभव भरपूर, पण कागद नाही, अशी ही माणसं होती. आपल्या सात वर्षांवाल्या भावासारखीच म्हणा ना. फरक एवढाच की अनुभव आहे म्हणून त्यांना थेट खुर्ची दिली नाही, आधी वर्गात बसवलं. आज अमेरिकेत फिजिशियन असिस्टंटला औषधं लिहून देण्याचाही अधिकार आहे.

भारतात १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशस्त्रक्रियातज्ज्ञ डॉ. के. एम. चेरियन यांनी हा कोर्स आणला. त्यामुळे आपल्याकडे हे पद रुजलं ते मोठ्या हॉस्पिटलांत, हार्टच्या विभागांत. गावातल्या ओपीडीपर्यंत ते अजून पोचलेलं नाही. २०२१ मध्ये केंद्राने अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला. त्यात दहा गट आहेत आणि फिजिशियन असोसिएटचं नाव त्यातल्या एका गटात आहे. अलाइड प्रोफेशनल म्हणून घ्यायला किमान २,००० तासांचं शिक्षण लागतं, हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणून किमान ३,६०० तासांचं. कोणी तुम्हाला "तीन महिन्यांत फिजिशियन असिस्टंट" असं पोस्टर दाखवलं तर हे तास मोजा आणि बाहेर पडा.

रेषा कुठे आहे

लंडनमधली २०२२ ची एक घटना सांगतो. तीस वर्षांची एक तरुणी पोटरी दुखते, धाप लागते म्हणून घराजवळच्या दवाखान्यात दोनदा गेली. दोन्ही वेळा तिला फिजिशियन असोसिएटने पाहिलं. स्नायू दुखावला असेल, काळजीमुळे होत असेल, असं सांगून घरी पाठवलं. पायात रक्ताची गुठळी होती, ती फुफ्फुसात गेली आणि ती मुलगी गेली. आपण डॉक्टरांनाच दाखवलंय असं तिला वाटत होतं. वेळेत हॉस्पिटलला पाठवलं असतं तर बहुधा वाचली असती, असं चौकशीत निघालं. त्यानंतर तिथे मोठा वाद झाला. २०२५ च्या जुलैमध्ये प्राध्यापक जिलियन लेंग यांचा सरकारी अहवाल आला. त्यातल्या दोन शिफारशी आपल्या कामाच्या आहेत. एक, नाव 'असोसिएट' नको, 'असिस्टंट' ठेवा, म्हणजे पेशंटचा गोंधळ होणार नाही. दोन, ज्याचं निदान अजून झालेलं नाही असा पेशंट यांनी एकट्याने बघू नये. अपवाद फक्त आधीच नीट ठरवून दिलेल्या गोष्टींचा.

लक्षात घ्या, तिथला माणूस रीतसर शिकलेला होता. आपल्याकडे पांढरा शर्ट घातला, गळ्यात स्टेथोस्कोप टाकला की लोक आपोआप "डॉक्टर" म्हणायला लागतात. डॉक्टर दुपारी नसतात तेव्हा कोणीतरी येतं. "अरे, तूच दे की एक इंजेक्शन, रोज तर देतोस." पहिल्यांदा माणूस घाबरतो. दुसऱ्यांदा देतो. तिसऱ्यांदा पन्नास रुपये घेतो. पुढे तोच शेजारच्या वाडीवर बॅग घेऊन फिरायला लागतो. बोगस डॉक्टर पकडल्याच्या बातम्या पेपरात वाचा. असा कोणी एका रात्रीत दुकान लावून बसत नाही, बहुतेकांची वाट अशीच असते.

महाराष्ट्रात १९६१ च्या मेडिकल प्रॅक्टिशनर्स ॲक्टप्रमाणे नोंदणी नसताना प्रॅक्टिस करणं गुन्हा आहे. आणि डॉक्टरांनाही मोकळीक नाही. त्यांच्या वर्तनाची २००२ ची नियमावली सांगते की अपात्र माणसाला आधुनिक वैद्यकातल्या कौशल्याचं प्रमाणपत्र डॉक्टरांनी द्यायचं नाही. हाताखालच्या मदतनिसांना स्वतः देखरेख ठेवून शिकवायला मात्र त्याच नियमात जागा ठेवली आहे. देखरेखीखाली शिकवलेलं चालतं, स्वतंत्र सोडलेलं चालत नाही. औषध लिहून देणं, निदान सांगणं डॉक्टरांचं. इंजेक्शन, सलाईन नोंदणीकृत नर्सने, डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरवर. "सगळेच करतात" हा बचाव पोलीस स्टेशनात चालत नाही.

मग गडचिरोलीत कसं चाललं?

इथे एक जण नक्की विचारेल: सर, गडचिरोलीत तर गावातल्या बायकांनी बाळांना इंजेक्शनं दिली, त्याचं काय? बरोबर प्रश्न आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. आरोग्यदूत म्हणून निवडलेल्या बायकांचं शिक्षण पाचवी ते दहावी. त्यांनी बाळाचं वजन केलं, श्वास मोजला, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखली आणि ठरवून दिलेल्या वेळी अँटिबायोटिकचं इंजेक्शनही दिलं. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झालं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि जगभर गाजलं.

पण ते कशामुळे जमलं ते बघा. काम ठरलेलं होतं: नवजात बाळ, ठरावीक लक्षणं, ठरावीक औषध. आधी पालकांना हॉस्पिटलला न्यायला सांगितलं जायचं. प्रत्येक गोष्ट कागदावर. डॉक्टर दर पंधरा दिवसांनी गावात जाऊन नोंदी तपासायचे. एखाद्या आरोग्यदूताने "आता मला सगळं येतं" म्हणून मोठ्या माणसाचा ताप बघायला सुरुवात केली असती तर तो प्रयोग तिथेच संपला असता. आपल्या करमाळ्याच्या पलीकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच दाखवलं होतं. फार शिकलेल्या नसलेल्या बायका दर आठवड्याला येऊन शिकायच्या आणि आपापल्या गावात तेवढंच करायच्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

माझं मत विचाराल तर, कमी शिक्षण हा धोका नाही. बघणारं कोणी नसणं हा धोका आहे.

आता आपला धंदा

पहिला रस्ता शिकण्याचा. वय कमी असेल आणि घरची परिस्थिती परवानगी देत असेल तर एएनएम, जीएनएम, डीएमएलटी किंवा फिजिशियन असिस्टंटची पदवी घ्या. पदवी साधारण चार वर्षांची असते, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. ती करून लगेच वेळापुरात काम मिळेल असं समजू नका. पहिली काही वर्षं पुणे, सोलापूरच्या हॉस्पिटलांत काढावी लागतील. जीएनएम झालेल्याला मात्र गावाकडेही लगेच मागणी आहे. कौशल्य विकास योजनेतला जनरल ड्युटी असिस्टंटचा छोटा कोर्सही आहे. तो पेशंटची देखभाल करणाऱ्याचा आहे, एवढं ओळखून करा.

दुसरा, ट्रेनिंग क्लास काढण्याचा. यात पैसा दिसतो म्हणून बरेच जण उडी मारतात. नव्या कायद्याप्रमाणे अशा कोर्ससाठी राज्य परिषदेची आधी परवानगी लागते. परवानगीशिवाय गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेल्या मुलांचे फोटो टाकून क्लास काढू नका. यावर मी जास्त बोलणार नाही.

तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो आणि त्यावर फार कमी लोक काम करतायत. एका छोट्या दवाखान्याला पूर्ण वेळ चांगला माणूस परवडत नाही. पण पाच दवाखान्यांना मिळून परवडतो. दवाखान्याचं मागचं काम अंगावर घेणारी छोटी सेवा काढा. त्यात काय येतं?

फॉलो-अपचे फोन. बीपी-शुगरच्या पेशंटची तारीख चुकली की फोन: "मावशी, गोळ्या संपल्या असतील, डॉक्टरांनी बोलावलंय." फोनवर तब्येतीचा सल्ला नाही, फक्त बोलावणं. रोज वीस फोन झाले आणि त्यातले पाच जण आले तरी डॉक्टरांना फरक कळतो. त्या पाचात एखादा असा असतो ज्याने गोळी बंद केलेली असते.

नोंदी. वहीतल्या नोंदी कॉम्प्युटरवर घेणं, जुने रिपोर्ट पेशंटच्या नावावर लावणं. इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो: कोणाला कुठला आजार आहे हे गावात सोन्यापेक्षा महाग आहे. तुमच्या माणसाने चहाच्या टपरीवर एक नाव घेतलं की पाचही दवाखाने गेले. प्रत्येक कर्मचाऱ्याकडून गुप्ततेचं लेखी घ्या. पेशंटची यादी स्वतःच्या खासगी मोबाईलवर ठेवू नका.

कचऱ्याची शिस्त. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमाप्रमाणे छोट्या दवाखान्यालाही प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता लागते. खाटा नसतील तर ती एकदाच घ्यायची असते. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुई काढलेली सिरिंज लाल, काच निळ्या खोक्यात, सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. नियम सगळ्यांना माहीत असतो, वही कोणी भरत नाही. तुम्ही भरा आणि भरायला शिकवा.

आणि बदली माणूस. दवाखान्याचं खरं दुखणं हे आहे! लग्नसराई, दिवाळी, ऊस तोडीला आला की असिस्टंट रजेवर. वारीच्या दिवसांत तर गावात माणूसच माणूस, पायाला फोड, जुलाब, उन्हाचा त्रास, आणि नेमका त्याच दिवशी हा दिंडीत चाललेला. सकाळी फोन केला की नऊ वाजता शिकलेला माणूस दारात उभा, ही सेवा तुम्ही देऊ शकलात तर डॉक्टर पैशासाठी घासाघीस करणार नाहीत.

पाच दवाखाने, प्रत्येकी महिना ४,००० रुपये धरा, म्हणजे २०,०००. बदली माणसाचे दिवसाचे पैसे वेगळे. सुरुवातीला तुम्ही आणि एक जोडीदार एवढ्यात निभतं. श्रीमंत करणारा धंदा नाही, पण उधारी नाही, माल सडत नाही आणि भांडवल म्हणजे दोन मोबाईल आणि एक कॉम्प्युटर. सहा महिन्यांनी सहावा दवाखाना घेण्याआधी जोडीदाराचा पगार वाढवा. माणूस टिकवणं हाच इथला सगळ्यात मोठा खर्च आहे.

टेलिमेडिसिनचा रस्ताही आहे. २०२० च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये पेशंटजवळ बसलेला आरोग्य कर्मचारी आणि पलीकडे व्हिडिओवर डॉक्टर, अशी मांडणी मान्य केली आहे. नर्सिंग झालेली जोडीदार असेल तर वाडी-वस्तीवर हे करता येईल. त्यावर वेगळा व्हिडिओ करू, विषय मोठा आहे.

सात वर्षांवाल्या भावासाठी

दादा, तुम्ही डॉक्टरांकडे जा आणि एक पानाचा कागद करायला सांगा. डाव्या बाजूला, मी स्वतः करायची कामं. मधे, डॉक्टर दवाखान्यात असतानाच करायची कामं. उजव्या बाजूला, कधीच न करायची कामं. खाली डॉक्टरांची सही, तुमची सही आणि तारीख. डॉक्टर नसताना कोणी आलं तर काय बोलायचं ते वाक्यही लिहून घ्या: "डॉक्टर पाच वाजता येतील. थांबण्यासारखं नसेल तर आत्ता अकलूजला चला, गाडीला मी फोन लावतो." हा कागद कपाटात नको, बाकड्यावर बसलेल्यांना दिसेल असा लावा. तिसऱ्या वेळेचे ते पन्नास रुपये मागायला मग कोणी येत नाही.

छातीवर नावाची पट्टी लावा, त्यावर नावाखाली "सहायक" असं ठळक.

आणि नोकरी सोडून स्वतःची सेवा काढायचं ठरलं तर अनुभवाचं पत्र जरूर मागा. त्यात "पेशंट तपासले, उपचार केले" असा शब्द येऊ देऊ नका. तो तुमच्याही गळ्याला फास आहे आणि डॉक्टरांच्याही. "नोंदणी, वजन-बीपीच्या नोंदी, औषध कसं घ्यायचं ते समजावणं, फॉलो-अप, कचरा व्यवस्थापन, माझ्या देखरेखीखाली, सात वर्षं" एवढं लिहून घ्या. दुसऱ्या दवाखान्याच्या दारात हेच पत्र घेऊन जायचंय. पहिला महिना फुकट करतो म्हणू नका. अर्ध्या पैशात करतो म्हणा, आणि महिनाअखेरीस किती पेशंट परत आले त्याची यादी टेबलावर ठेवा.